ट्वायलाचं माप

ट्वायला ब्रूसार्डनं चोपन्न वर्षांच्या आयुष्यात स्वतःहून काही निवडल्याचं मला आठवत नाही, आणि मी तिला शाळेपासून ओळखते. हॉटेलात गेलं की ती मेन्यू उघडायची, वरपासून खालपर्यंत वाचायची, आणि वेट्रेस आली की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हिला जे, तेच मला." मला तळलेला कॅटफिश आवडतो. तिला त्याच्या वासानंसुद्धा मळमळतं. तरी कित्येक वर्षं आम्ही दोघी शुक्रवारी समोरासमोर बसून कॅटफिश खात आलोय. तिच्या घराला फिकट जांभळा रंग आहे, कारण रंगाच्या दुकानदाराकडे कुणीतरी परत केलेले ते डबे पडून होते आणि तो म्हणाला, हे घेऊन जा. मुलीचं नाव चार्ला हे पहिल्या सासूनं ठेवलं. एल्रॉयनं तिला लग्नाची मागणी घातली तेव्हा तर ही बाई त्याला म्हणाली, एक मिनिट थांब हं, आणि आत जाऊन तिनं मला फोन लावला. मी केस धूत होते. 'हो म्हण' म्हणाले आणि फोन ठेवला. संसार छान चाललाय त्यांचा. त्याचं श्रेय मला कुणी देत नाही ते सोडा.

मी नोरीन. तिच्या पलीकडच्या घरात राहते, जनावरांच्या खाद्याच्या दुकानात काउंटरवर बसते, आणि रविवारी चर्चच्या गायनात तिच्या डाव्या हाताला उभी राहते. मला कशाचाही निर्णय घ्यायला वेळ लागत नाही. माझे दोन्ही नवरे याबद्दल तक्रार करायचे. दोघांनाही घालवायचा निर्णय मी झटकन घेतला.

आता मुद्द्याचं. ट्वायलाची छाती हा आमच्या हॅकबेरी बेंड गावात कधी गुपिताचा विषय नव्हताच. तिचा पहिला नवरा ड्वेन बोटी विकायचा. त्याच्या दुकानाच्या जाहिरातीत बोटीच्या टोकावर उभं राहायला त्याला बायको हवी होती, आणि होती तेवढी बायको त्याला पुरेना. सत्त्याण्णव साली तो तिला ह्यूस्टनला घेऊन गेला. तेव्हा सिलिकॉनवर सरकारनं बंदी घातलेली होती, त्यामुळे डॉक्टर आत रिकामी पिशवी बसवायचे आणि मग नळीनं तिच्यात मिठाचं पाणी भरायचे. डॉक्टरांनी विचारलं, किती भरायचं? ट्वायलानं ड्वेनकडे पाहिलं. ड्वेन म्हणाला, "मावेल तेवढं भरा." पेट्रोल पंपावर म्हणतात तसं. पिशवी साडेतीनशे मिलिलिटरची होती, डॉक्टरांनी तीनशे नव्वदवर नेऊन थांबवली, आणि ट्वायलानं मान डोलावली. दोन वर्षांनी ड्वेन एका गिऱ्हाईकाबरोबर पळाला. बोटी त्यानं नेल्या. छाती इथंच राहिली.

त्यानंतर ट्वायला शाळेची बस चालवायला लागली. सीट मागे घ्यावी तर पाय ब्रेकपर्यंत पोचत नाहीत, पुढे घ्यावी तर हॉर्न आपोआप वाजतो. सतरा वर्षं तिनं अशीच बस चालवली. पालथं झोपणं तिला माहीत नव्हतं. गुडघ्यावर काय ठेवलंय ते तिला दिसायचं नाही. कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायची म्हणजे काय हवंय ते सांगावं लागतं.

मग एका सकाळी डावीकडची पिशवी फुटली. दुखलं नाही की काही नाही. फेरी सुरू झाली तेव्हा सगळं ठीक होतं आणि मुलं शाळेत उतरत होती तेव्हा दुसरीतली एक चिमुरडी पायरीवर थबकून म्हणाली, "मिस ट्वायला, तुम्ही कलताय." मिस ट्वायलानं खाली पाहिलं. उजवीकडे नेहमीसारखं, डावीकडे सपाट. ती बस तशीच माझ्या दुकानासमोर घेऊन आली. कोंबड्यांचं खाद्य घ्यायला आलेले तिघं काउंटरशी उभे होते. त्यांच्या देखत तिनं मला विचारलं, की नोरीन, ते पाणी गेलं कुठं? मी म्हटलं, "जाईल कुठं? अंगात जिरलं असेल. संध्याकाळपर्यंत दोनदा बाथरूमला जाशील आणि ड्वेनचा विषय संपेल." खाद्यवाले तिघं त्यानंतर बराच वेळ खाद्याच्या पोत्यांवरची अक्षरं वाचत उभे राहिले.

ह्यूस्टनचे नवे डॉक्टर हॅलब्रूक हे सज्जन गृहस्थ. त्यांनी तपासलं, घाबरायचं कारण नाही म्हणाले, आणि दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून उजवीकडचं पाणीही सुईनं काढून टाकलं. तीन आठवडे असंच राहा, कातडी जरा आवळू दे, मग सिलिकॉनची नवी जोडी बसवू. आता बंदी उठलीये आणि सिलिकॉन हाताला जास्त खरं लागतं. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण मग त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि खुर्चीत बसल्या जागी ट्वायलाचा चेहरा पडला. पाण्याच्या पिशवीत ऑपरेशन चालू असताना कमीजास्त करता येतं. सिलिकॉनची पिशवी कारखान्यातून भरून, बंद होऊनच येते. तिच्यात थेंबभर घालता येत नाही की काढता येत नाही. म्हणून आकडा आधी सांगावा लागतो, आणि तो पेशंटनं सांगायचा.

"तुम्हीच ठरवा ना," ट्वायला म्हणाली.

डॉक्टर हसले. छाती तुमची आहे, म्हणाले. पुढच्या सोमवारपर्यंत आकडा द्या. नाहीच जमलं, तर आधी होतं तेवढंच मागवू.

ट्वायला बाहेर आली ती पांढरीफटक. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "नोरीन, मला ड्वेनची छाती परत नकोय." आणि रडायला लागली. काय हवंय, विचारलं तर माहीत नाही. काय नकोय एवढंच तिला माहीत होतं. सोमवारी तिच्या तोंडून आकडा निघाला नाही, तर बोटीवाल्यानं एकोणीस वर्षांपूर्वी मागवलेला माल तिला पुन्हा अंगावर वागवावा लागणार होता, आणि या वेळी मरेपर्यंत. सिलिकॉन काही बसमध्ये फुटून बाथरूमला निघून जाणार नव्हतं.

डॉक्टरांकडे ब्रिएल नावाची मुलगी बसते. तिच्या पापण्या एवढ्या लांब की ती डोळे मिटते तेव्हा टेबलावरचे कागद हलतात. तिनं उपाय सांगितला. सगळ्याच बायका करतात म्हणे. पायात घालायचे लांब नायलॉनचे मोजे घ्यायचे, स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यानं मोजून त्यात कोरडे तांदूळ भरायचे, गाठ मारायची आणि ते मोठ्या ब्रामध्ये घालून रोजची कामं करायची. झाडायचं, गाडी चालवायची, वाकायचं. तीनशेचं जड वाटलं तर थोडे काढायचे, कमी वाटलं तर घालायचे. आपलं माप आपल्याला कळतं.

आता हे काम कुठल्याही शहाण्या घरात दुकानातून तांदळाची पिशवी आणून झालं असतं. पण ट्वायलाचा नवरा एल्रॉय ब्रूसार्ड भाताची शेती करतो, त्याचा बाप करायचा, आजा करायचा. त्या घरात दुकानातले तांदूळ विकत आणणं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांचा अपमान. एल्रॉय उठला, कोठारात गेला आणि बादली भरून साळ घेऊन आला. गिरणीचं तोंड न पाहिलेली, तुसासकट, बियाण्याला राखलेली साळ. "हे वर्ष चांगलं आलंय," एवढंच बोलला. मी म्हटलं, अरे बाबा, हे तिला शिजवायचं नाही, अंगाशी धरायचंय. तो म्हणाला, मग तर घरचंच हवं.

पहिल्या दिवसापासून ट्वायला खाजवायला लागली. तुसं मोज्यातून टोकं बाहेर काढायची आणि टोचायची. ती बस चालवताना सिग्नलला थांबली की कोपरानं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घासून घ्यायची. मुलांना वाटलं नवा नाच आहे. बसच्या मागच्या बाकांवर सगळे तो करायला लागले. मी तिला म्हटलं, सरळ तांदूळ घे विकत, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, एल्रॉयला वाईट वाटेल. एल्रॉयला मी विचारलं. तो म्हणाला, मला काय वाईट वाटायचंय? हे मी तिला जाऊन सांगितलं, तर म्हणे तो तसं म्हणतोच.

पण खाज ही लहान गोष्ट. खरी अडचण आईपासून सुरू झाली.

ट्वायलाची आई मिसेस इमोजीन अठ्ठ्याहत्तर वर्षांची. केस फुगवून, लिपस्टिक लावून पत्रपेटीपर्यंत जाणारी बाई. त्यांच्या मते बाईनं या जगात कमी होत जायचं नसतं. त्या मंगळवारी आल्या, मोजे हातात घेऊन तोलले, "हे काय, कोंबडीला टाकायचं का?" म्हणाल्या आणि बादलीतून दोन मुठी घातल्या. ट्वायला 'बरं' म्हणाली. बुधवारी चार्ला आली. चार्ला आता अकाउंटंट आहे, ह्यूस्टनला राहते, आईबरोबर फोटो काढताना ती स्वतः पुढे उभी राहते. तिनं गाठ सोडली, आजीच्या दोन मुठी काढल्या आणि वर आपल्याही दोन काढल्या. "आई, शोभेलसं काहीतरी घे ना," म्हणाली. ट्वायला 'बरं' म्हणाली. गुरुवारी ती केस सेट करायला गेली तर तिथल्या बाईनं ड्रायरखाली बसवल्या बसवल्या मत दिलं, की केस एवढे उंच करायचे तर खाली तोलाला काहीतरी हवं. घरी येऊन ट्वायलानं स्वतःच थोडं वाढवलं. संध्याकाळी मला दारात गाठून विचारलं, आता कसं वाटतं?

मी काही बोलणार होते. माझं मत तयारच असतं. पण तिच्याकडे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. ती खांदे पाडून, मान जरा वाकडी करून उभी होती, शिंप्यासमोर उभं राहतात तशी, आणि वाट बघत होती. मी तिला विचारलं, या मोज्यांत तू स्वतः एक तरी दाणा घातलायस का? ती म्हणाली, आज घातले की. कुणाच्या सांगण्यावरून? ती ब्राचा पट्टा सरळ करायला लागली. मग मी ओरडले. माझा ओरडा तिच्या तीन घरं पलीकडे जातो. सोमवारी डॉक्टरसमोर काय, आईला एका मांडीवर आणि पोरीला दुसऱ्या मांडीवर घेऊन बसणार आहेस का, म्हटलं. ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. मला रात्रभर वाईट वाटलं, पण मी ते तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एल्रॉयला धरलं. तो पाण्याच्या पंपाशी काहीतरी करत होता. हा माणूस पहिल्या दिवसापासून म्हणत होता की माझं काहीच मत नाही, आणि मला त्याचा राग यायला लागला होता. म्हटलं, बायको तिकडे झुरतेय आणि तू इकडे पंप पुसत बसलायस. तुला काहीतरी वाटत असेलच की. नवरा आहेस.

"वाटतं की," तो म्हणाला.

"मग सांग तिला."

एल्रॉयनं फडकं खिशात घातलं. "सांगितलं तर ती तेच करेल, नोरीन." पंपाकडे वळून म्हणाला, "ते एकानं आधी करून झालंय."

मी तशीच परत आले. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, की केस धुता धुता का होईना, मी बरोबर सांगितलं होतं.

शनिवारी मिसेस इमोजीन पुन्हा आल्या आणि चार्लानं काढलेलं सगळं सव्याज परत घालून गेल्या. त्यामुळे रविवारी सकाळी चर्चच्या गायनाचा लाल झगा घालून ट्वायला उभी राहिली तेव्हा जवळजवळ जुनीच ट्वायला दिसत होती. ड्वेनची. चेहराही तसाच. आम्ही पास्टरांच्या मागे पायऱ्यांवर उभ्या, ती दुसऱ्या पायरीवर, मी तिच्या डावीकडे. समोर सगळं गाव. पहिल्या बाकावर तिची आई, चार्ला, आणि त्यांच्यामध्ये एल्रॉय, गुडघ्यांवर हात ठेवून.

पहिलं गाणं झालं. पास्टर टाकेटनी प्रवचन सुरू केलं, विषय धीर. मी नेहमीप्रमाणे जेवणाचा विचार करत होते. आणि मला आवाज आला. अगदी बारीक, सर्र असा, थांबून थांबून. मला वाटलं उंदीर. खाली पाहिलं तर माझ्या काळ्या बुटावर साळीचे दाणे. मग आणखी. ट्वायलाच्या झग्याखालून ते येत होते आणि पायरीवरून टप टप खाली उतरत होते.

सहा दिवस ती तुसं नायलॉनला आतून कुरतडत होती. शेवटी मिसेस इमोजीनच्या वाढीव मुठींनी मोज्याला भोक पाडलं होतं. डावीकडे.

मी ओठ न हलवता म्हटलं, "गळतेयस तू."

"माहितेय," ट्वायलानं ओठ न हलवता उत्तर दिलं.

आत जा, म्हटलं. तिनं मान हलवली. जायचं म्हणजे पास्टरांच्या समोरून जावं लागलं असतं, आणि ट्वायलाला चारचौघांत कधी उठायचं हेही कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून ती उभी राहिली आणि गळत राहिली. पहिल्या बाकाच्या टोकाला म्हातारे मिस्टर ओडेल बसतात. त्यांना दिसतं कमी आणि ऐकू त्याहून कमी येतं. त्यांनी पायरीवरचे दाणे पाहिले, आणि आमच्याकडे लग्नातच तांदूळ उधळतात, तेव्हा त्यांनी बायकोला मोठ्यानं विचारलं की लग्न कुणाचं आहे. बायकोनं त्यांना गप्प केलं. चार्लानं खाली पाहिलं, मग वर आईकडे पाहिलं, आणि पर्समध्ये तोंड घातलं. मिसेस इमोजीन ताठ बसून समोर बघत होत्या, त्यांना वाटलं चर्चनंच काहीतरी कार्यक्रम ठेवलाय.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून ट्वायलाकडे बघत होते. डावीकडचा उभार हळूहळू खाली येत होता. आधी ती घाबरलेली होती, कपाळावर घाम. मग काय झालं मला नीट सांगता येत नाही. तिचे खांदे सैल झाले. मान सरळ झाली. ती समोरच्या खिडकीकडे बघत होती, पण लक्ष खिडकीत नव्हतं. आतल्या आत कान देऊन काहीतरी ऐकत असावी तशी उभी होती. दाणे पडत होते, सर्र, सर्र. ती वाट बघत होती. आणि एकदम, कुणी काहीही न सांगता, ट्वायला ब्रूसार्डनं उजवा हात झग्याच्या गळ्यातून आत खुपसला आणि भोकावर अंगठा दाबून धरला.

गळणं थांबलं.

नेमकं तेव्हाच पास्टर टाकेट मागे वळले. त्यांना दिसलं एवढंच, की गायनातली एक बाई छातीवर हात धरून उभी आहे, डोळ्यांत पाणी आहे आणि चेहरा उजळलाय. पास्टर हळवे आहेत. त्यांना वाटलं प्रवचन पोचलं. त्यांनी दोन्ही हात पसरले, म्हणाले, ताई, पुढे या, सगळ्यांसमोर या. सगळं चर्च 'आमेन' म्हणालं. मी तिच्या पाठीला हळूच ढकललं, कारण पास्टरांनी बोलावलं की जायचं असतं, आणि ट्वायला तर कुणीही बोलावलं की जाते.

"नाही, पास्टर," ट्वायला म्हणाली. "मला आत्ता हलता येणार नाही. हलले तर माप जाईल."

पास्टर टाकेटचे हात हवेत तसेच राहिले. कोणतं माप, हे विचारायचं की नाही याचा ते विचार करत होते. मग एल्रॉय पहिल्या बाकावरून उठला, पायऱ्या चढून आला, खाली सांडलेली साळ ओंजळीत गोळा केली, खिशात घातली आणि जागेवर जाऊन बसला. शेवटी ते बियाणं होतं. पास्टरांनी सरळ गाणं सुरू करायला सांगितलं. ट्वायलानं अख्खं गाणं उजवा हात झग्यात ठेवून म्हटलं, आणि मी शपथेवर सांगते, एवढा मोकळा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

नंतर चर्चच्या स्वयंपाकघरात मी मापाचं भांडं धरलं आणि तिनं मोज्याची गाठ सोडून डावीकडची साळ त्यात ओतली. अंगठा शेवटपर्यंत भोकावरून काढला नाही. साळ अडीचशेच्या रेघेच्या जराशी वर येऊन थांबली. चार्ला आणि मिसेस इमोजीन दोघी मागोमाग आल्याच. चार्ला म्हणाली, अजून थोडं कमी चालेल आई. मिसेस इमोजीननी उजवीकडचा भरलेला मोजा उचलला आणि म्हणाल्या, हे बघ, हे खरं प्रमाण, आणि भांड्याकडे हात नेला. ट्वायलानं भांडं उचलून छातीशी धरलं, आणि दुसऱ्या बाजूला वळली. डावीकडची साळ तिनं परत मोज्यात ओतली. उजवा मोजा आईच्या हातातून घेतला, त्यातही स्वतः मोजून तेवढीच साळ ठेवली, आणि मग दोन्ही मोजे, एकावर अंगठा धरून, घेऊन बायकांच्या खोलीतल्या आरशासमोर गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी दारात उभी राहिले, कुणाला आत जाऊ दिलं नाही. मिसेस इमोजीनना तर मी शब्दशः अडवलं, त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तुम्हाला वाटेल आता झालं. मला नाही वाटलं. माझी मैत्रीण मला माहीत आहे. भांड्यात रेघ दिसणं वेगळं, आणि कोट घातलेल्या माणसानं समोर बसून विचारल्यावर तोंड उघडणं वेगळं. सोमवारी ह्यूस्टनला जाताना एल्रॉय गाडी चालवत होता, पुढे मिसेस इमोजीन, मागे आम्ही तिघी. अर्ध्या वाटेत ट्वायलानं माझा हात धरला आणि कानाशी येऊन हळूच म्हणाली, नोरीन, डॉक्टरांना आकडा तूच सांगशील का? मी तुझ्या कानात सांगते, तू त्यांना सांग.

मला सांगायचा होता. देवाशप्पथ, माझ्या जिभेवर होता तो आकडा. आयुष्यभर तिच्या वतीनं मी सांगत आलेय, आणखी एकदा सांगून काय बिघडणार होतं? मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, "नाही." तिनं माझा हात सोडला.

डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. ब्रिएलनं दोन बाहेरून आणल्या. डॉक्टर हॅलब्रूकनी पेन काढलं. "मग मिसेस ब्रूसार्ड, काय ठरलं?"

"आधी होतं तेवढंच," मिसेस इमोजीन म्हणाल्या.

"सगळ्यात लहान," चार्ला म्हणाली.

डॉक्टरांनी एल्रॉयकडे पाहिलं. एल्रॉयनं आपल्या बुटांकडे पाहिलं. ट्वायलानं माझ्याकडे पाहिलं, अगदी तसंच, मेन्यू बंद करून पाहते तसं, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेन कागदाकडे नेलं. म्हणाले, मग नेहमीच्या पद्धतीनं आपण जुनंच—

"दोनशे पंचाहत्तर," ट्वायला म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. आवाज इतका लहान होता की त्यांना नीट ऐकू आलं नसावं. ट्वायलानं घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं. साळीचं माप अडीचशेच्या जरा वर आलं होतं, म्हणाली, पण आत बसवल्यावर स्नायूखाली थोडं दबून कमी दिसतं असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून दोनशे पंचाहत्तर. साळीचं माप म्हणजे काय हे डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावणीच्या सुरात बोलायला लागले. तुम्ही खूपच खाली येताय, म्हणाले, तीनशे नव्वदची तुम्हाला सवय आहे. शिवाय सिलिकॉन मऊ, तेवढ्याच आकड्याला पाण्यापेक्षा जरा कमीच भरल्यासारखं वाटतं. "माझ्याकडे परत येणाऱ्या बायका बहुतेक एकच म्हणतात, की थोडं मोठं घ्यायला हवं होतं. एकदा विचार करा."

कोट घातलेल्या माणसानं तिला विचार करा म्हटलं होतं. आता ती 'बरं' म्हणणार, मला माहीत होतं. तिचे ओठ त्या शब्दासाठी उघडलेसुद्धा.

ट्वायलानं आईकडे पाहिलं, चार्लाकडे पाहिलं. मग पर्स मांडीवर सरळ ठेवली.

"तसं वाटलं तर मी परत येईन, डॉक्टर," ती म्हणाली. "आणि तेव्हाही आकडा मीच सांगेन. आता लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. मिसेस इमोजीन हळूच म्हणाल्या, ही नोरीन का रडतेय?